दोष गर्दीचा नव्हे, एकाच घटिकेचा!

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्रातील दहावीचा निकाल संकेतस्थळांवर लागणार, हे शासनाने आधीच जाहीर केले होते. विद्यार्थी १५ लाखांहून अधिक, घटिका मात्र एकच! व्हावयाचे तेच झाले. संकेतस्थळे कोलमडली आणि मुले कित्येक तास ताटकळली. अशा प्रसंगी लोकांच्या गर्दीकडे बोट दाखवून मोकळे होणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

या गर्दीचे मर्म डिचोली तालुक्यातील सुर्ल्याच्या वाचकांस तरी फार समजावून सांगावयास नको. २०१२ साली खाणी प्रथम बंद पडल्या, त्यापूर्वीच्या खनिजवाहू ट्रकांच्या रांगा त्यांच्या स्मरणात असतीलच. संगणकांच्या जाळ्यातही मजकूर लहान लहान पॅकेटांतून प्रवास करतो आणि नाक्यानाक्यावरचा राउटर ती रांगेने पुढे धाडतो. फरक एवढाच की, ट्रक रांगेत तिष्ठत उभा राहतो. राउटरची रांग भरली की नवे पॅकेट सरळ टाकून दिले जाते. पाठविणारा ते पुन्हा पाठवितो आणि गर्दीतूनच गर्दी जन्मते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे अवघ्या ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधील दळणवळण सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरले. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला: पॅकेट हरवताच तो गर्दीचा इशारा मानून पाठविणाऱ्याने आपला वेग आवरावा.

यंत्रे संयम शिकली. कचेऱ्या केव्हा शिकणार? निकालासाठी व्याकूळ झालेला बाप पुन्हापुन्हा कळ दाबणारच. तो काही गुन्हा नव्हे. आणि जिची तिथी व वेळ स्वतःच जाहीर केली, ती गर्दी ‘अचानक’ कशी? आसनक्रमांकांप्रमाणे वेळा वाटून द्या. निकालाची पाने आधीच अनेक सर्व्हरांवर ठेवा. विनंत्या रांगेत घेऊन प्रत्येकास त्याचा क्रमांक कळवा.

खेड्यापाड्यांत क्षीण संकेतामुळे वा तुटलेल्या तारेमुळेही पॅकेटे हरवतात. तेथे सर्व्हर वाढवून काय साधणार? तेथे तार आणि मनोराच सुधारला पाहिजे. निदान आधी, खुलासे मागून! हरवलेले पॅकेट यंत्राच्या लेखी क्षुल्लक असेल. त्याची वाट पाहणाऱ्या मुलाच्या लेखी ते वर्षभराच्या कष्टांचे उत्तर असते.