दप्तरात अडकलेला गुन्हा

अमेरिकेच्या केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी कॅरल नावाची एक लहानशी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढा, परंतु स्वतःचे न्यायालय, स्वतःचा शेरीफ आणि स्वतःचे दप्तर बाळगणारा मुलूख. १४ मे १९८८ च्या रात्री या काउंटीतून जाणाऱ्या महामार्गावर एक पिकअप मोटार उलट दिशेने भरधाव आली आणि समोरून येणाऱ्या बसवर आदळली. बस एका चर्चची होती. दिवसभर करमणूक-उद्यानात खेळून दमलेली मुले तीत बसली होती. बसच्या पेट्रोलच्या टाकीने पेट घेतला, मागचा दरवाजा गाठता गाठता मुले एकमेकांवर पडली, आणि २७ जीव धुरात व आगीत गेले. पिकअपच्या चालकाच्या रक्तातील मद्याचे प्रमाण त्या वेळच्या कायदेशीर मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते. मद्यधुंद चालकाने घडविलेला अमेरिकेतील सर्वांत भीषण अपघात म्हणून आजही याचेच नाव घेतात.

हाच माणूस १९८४ मध्ये याच अपराधासाठी पकडला गेला होता. म्हणजे चार वर्षांपूर्वीची एक नोंद कोठल्यातरी दप्तरात होतीच. अपघातानंतर ती साऱ्या जगाने वाचली. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते अशा नोंदीविषयी, आणि ती वेळेवर सापडण्या न सापडण्याविषयी.

दारू पिऊन गाडी हाकण्याच्या गुन्ह्याचे एक वैशिष्ट्य आहे. चोरीची शिक्षा किती, हे बव्हंशी चोरीवरून ठरते. येथे मात्र शिक्षा ठरते ती गुन्हा कितवा यावरून. केंटकीत पहिल्या खेपेला दंड २०० ते ५०० डॉलर. चौथी खेप भरली की तोच अपराध गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात जातो. पूर्वी ही मोजणी मागील पाच वर्षांपुरती होत असे. २०१६ मध्ये त्या राज्याने ती दहा वर्षांची केली. कायदा कठोर झाला म्हणून लोकांनी समाधान मानले. पण दहा वर्षे मागे मोजावयाचे तर दहा वर्षांपूर्वीचा कागद हाती यावयास हवा, आणि तो कागद १२० काउंट्यांपैकी कोणत्या तरी एकीत, लोकांनी निवडून दिलेल्या न्यायालयीन कारकुनाच्या ताब्यात असतो. ही बाब कायदा करणाऱ्यांच्या भाषणांत क्वचितच येते.

ग्रामीण काउंटीचे न्यायालय आम्हां शहरी वाचकांच्या डोळ्यांसमोर सहज येणार नाही. मध्यवर्ती गावात एक जुनी इमारत, खिडकीपाशी दोन-तीन कर्मचारी, अलीकडची प्रकरणे संगणकावर आणि जुनी सूक्ष्मचित्रफितीत किंवा तळघरातील खोक्यांत. नाव व जन्मतारीख सांगा, शुल्क भरा, थांबा. केंटकीने आपल्या सर्व न्यायालयांना एका व्यवस्थेखाली आणले आहे, त्यामुळे तेथे निदान एका ठिकाणी विचारणा करता येते. ज्या राज्यांत गावोगावची छोटी न्यायालये आपापली वही स्वतंत्र राखतात, तेथे शोध घेणाऱ्याला आधी आरोपी कोठे पकडला गेला हेच ठाऊक असावे लागते. त्यातून अनेक ठिकाणी सरकारी वकील तडजोड करून मद्यपानाचा आरोप ‘निष्काळजीपणे वाहन चालविणे’ एवढ्यावर आणतात. मग दप्तरात दारूचा उल्लेखच उरत नाही. पुढच्या खेपेला तोच गृहस्थ पुन्हा ‘पहिलटकर’ म्हणून न्यायाधीशापुढे उभा!

यात आणखी एक गंमत आहे, जर तिला गंमत म्हणावयाचे असेल तर. बर्बन व्हिस्कीसाठी नावाजलेल्या याच केंटकीत कित्येक काउंट्यांनी वर्षानुवर्षे दारूबंदी राखली. तेथील पिणारा शेजारच्या ओल्या काउंटीत जाऊन पितो आणि रात्री गाडी हाकत घरी येतो. साहजिकच तो पकडला जातो परक्या काउंटीत, आणि नोंद होते ती तेथे. त्याच्या गावाला त्याची खबरही नसते. आमच्या वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांच्या सीमा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

राज्याराज्यांमधली ही दरी बुजवावी म्हणून अमेरिकेने १९६० मध्येच वाहनचालकांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आज तिचे काम दिशा दाखविण्याचे आहे: अमुक इसमाचा परवाना अमुक राज्याने रद्द केला आहे, तेथे चौकशी करा, एवढेच ती सांगते. मूळ कागद राज्याकडे, आणि राज्याकडे तो काउंटीच्या कारकुनाने धाडला असेल तर. साखळीची ही शेवटची कडी लोकांना प्रथम जाणवली ती दुःखातून. कॅलिफोर्नियात १९८० मध्ये कँडी लाइटनर या बाईंच्या १३ वर्षांच्या मुलीला एका मद्यपी चालकाने चिरडले. तो पूर्वी याच अपराधात दोषी ठरला होता आणि दुसऱ्या अशाच प्रकरणात दोनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटला होता. त्या मातेने उभारलेल्या संघटनेचे स्वयंसेवक पुढे न्यायालयांत जाऊन बसू लागले व कोणत्या खटल्यात काय निकाल लागला हे आपल्या वहीत टिपू लागले. सरकारी दप्तर असताना नागरिकांना समांतर दप्तर ठेवावे लागावे, यापरते त्या दप्तराचे मोजमाप कोणते?

याची दुसरी बाजू आम्ही दृष्टीआड करीत नाही. दप्तर सर्वांना खुले, म्हणजे ते धंदेवाईकांनाही खुले. अटकेच्या वेळी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध करावयाचे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागावयाचे, असा एक किळसवाणा व्यवसाय अमेरिकेत बोकाळला, आणि तो आवरण्यासाठी अनेक राज्यांना कायदे करावे लागले. अटकेची नोंद बोटांच्या ठशांबरोबर तातडीने राष्ट्रीय संग्रहात जाते. निर्दोष सुटल्याचा निकाल मात्र कित्येकदा तेथे पोहोचतच नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला याची झळ थेट लागू शकते. आमची मुले तिकडच्या लहान लहान विद्यापीठ-गावांत शिकत आहेत. मागील पाच वर्षांत अशा आरोपाखाली नुसती अटक झाली असली, तरी परदेशी नागरिकाचा व्हिसा अमेरिकेचे परराष्ट्र खाते रद्द करू शकते. २०१५ पासून हे धोरण आहे. शेजारच्या काउंटीला जो कागद सापडत नाही तो वांद्र्याच्या वकिलातीत अचूक उमटतो! तेव्हा नोंद सापडली पाहिजे असे म्हणताना ती पूर्ण सापडली पाहिजे, आरोपासह निकालही सापडला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानेही शिक्षेची वाटणी पहिल्या व दुसऱ्या खेपेवरच केली आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले, तर पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. याखेरीज २० व्या कलमान्वये न्यायालयाने निदान सहा महिने त्या इसमास वाहन चालविण्यास अपात्र ठरविलेच पाहिजे. शब्द कडक आहेत. पण पंढरपूरला दंड भरलेला चालक सहा महिन्यांनी शिरूरला सापडला, तर शिरूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे ती पहिली शिक्षा आणणार कोण? ती मागाहून आठवून चालत नाही, रीतसर सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करण्यास पहिल्या न्यायालयाच्या दप्तराचा प्रमाणित उतारा लागतो. रात्रीच्या नाकाबंदीत पाचपन्नास प्रकरणे हाताळणाऱ्या हवालदाराने या उताऱ्यासाठी तालुकोतालुकी नकलेचे अर्ज करीत फिरावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. गुन्हा कबूल, दंड भरला, पावती फाडली, प्रकरण संपले!

तालुका न्यायालयांची प्रकरणे आज ई-कोर्टच्या जाळ्यावर दिसतात, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकांचा क्रमांकही मिळाला आहे. परंतु तो क्रमांक ज्याला ठाऊक नाही त्याने आधी जिल्हा, मग न्यायालय, मग वर्ष निवडून नावाने शोध घ्यावयाचा. इंग्रजीत ‘चौधरी’ हे आडनाव किती तऱ्हांनी लिहिता येते, ते प्रत्येक चौधरीला विचारावे. एका अक्षराच्या फरकाने मागचा गुन्हा अदृश्य होतो, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या निरपराध माणसाच्या माथी तो बसण्याची भीतीही तेवढीच. वाहनाच्या परवान्याला मात्र एकच क्रमांक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूदही कायद्यात आली आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे व तिला नव्या कायद्याची गरज नाही. १८५ व्या कलमाखालील प्रत्येक दोषारोपपत्रावर परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. निकालाच्या दिवशी, मग तो शिक्षेचा असो वा सुटकेचा, न्यायालयीन लिपिकाने तो त्या क्रमांकासमोर नोंदवूनच पटलावरून उठावे. आणि अपात्रतेचा हुकूम परिवहन कार्यालयास टपालाची वाट न पाहता मिळावा. उच्च न्यायालयाचे प्रशासन आणि राज्याचे परिवहन खाते यांनी एकत्र बसून हे ठरविण्यास एका बैठकीपेक्षा अधिक वेळ लागू नये. ती बैठक कधी होणार, हे परिवहनमंत्र्यांनी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सांगावे.