पुतळ्याच्या छातीवरचे पदक

मागच्या सत्रात आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी एका मराठी सैनिकाचा अर्धपुतळा रंगवला. पुतळा दीड फुटाचा, प्लॅस्टरचा, दंडापर्यंतचा. सैनिक म्हणजे नाईक यशवंत घाडगे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर ते पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. रंगकाम आटोपत आले तेव्हा शेवटचे मानाचे काम आम्ही स्वतःच्या हाती घेतले. बारीक कुंचल्याने त्यांच्या छातीवर डावीकडे लाल फीत काढली आणि तिच्याखाली सोनेरी रंगाचा लखलखीत क्रॉस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, ते तर लढाईतच गेले ना? मग हे पदक त्यांनी लावलं कधी?"

इतकी वर्षे शिकवण्यात गेली, पण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. घंटा झाली म्हणून सुटलो, एवढेच. घरी येऊन विचार केला तेव्हा कळले की चूक मुलांची नव्हे, आमचीच होती. आणि ती चूक केवळ रंगाची नव्हती. तो विचार आज वाचकांपुढे ठेवतो. कारण हाच पुतळा येत्या महाराष्ट्र दिनाला आमच्या मंडळाच्या सभागृहात बसवायचा आहे, आणि छातीवरच्या त्या पदकावरून मंडळात दोन तट पडले आहेत.

आधी घाडगे कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ते कोकणातले, तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजे-खापरपणजे ज्या कुलाबा-रत्नागिरीकडून मुंबई बंदर गाठून या बेटावर उसाच्या मळ्यांत आले, त्याच मातीतला हा मुलगा. कोणी जहाजात चढले, कोणी मागे राहून पलटणीत गेले. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते तसेच त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून तोफ आणि तोफवाला गारद केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यावर त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२ वर्षे. त्यांची कबर कोठे आहे हे ठाऊक नाही. कॅसिनो येथील स्मारकावर इतर नावांबरोबर त्यांचे नाव कोरलेले आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे ते पदक घाडगे यांनी डोळ्यांनी पाहिले नाही, ते आपल्याला मिळणार आहे हे त्यांना कधी कळलेही नाही. पदक गेले ते त्यांच्या पत्नीच्या हाती. आणि आम्ही मात्र ते त्यांच्या छातीवर रंगवून मोकळे झालो!

आमचे म्हणणे ऐकून मंडळातले एक वडीलधारे काका नाराज झाले. या बेटावर मराठी टिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातले, अशांपैकी ते एक. त्यांचा मुद्दा वाचकांपासून लपवणे बरे नव्हे. ते म्हणाले, "गुरुजी, पदक पुसलंत तर हा कोण हे पोरांना कळणार कसं? साध्या शिपायासारखा दिसेल. आधीच आपली माणसं इथं थोडी, आपल्या वीरांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. एक मिळालाय, त्याला तरी मिरवू द्या."

काकांच्या या बोलण्यामागचे दुःख आम्हाला कळते. पण आम्ही त्यांना नम्रपणे म्हटले, आणि इथेही म्हणतो, की त्या दिवशी घाडगे साध्या शिपायासारखेच दिसत होते. मळकी खाकी, डोक्यावर लोखंडी टोपी, बाहीवर दोन पट्टे. पदक पाहून ते धावले नाहीत. पदक लावलेला पुतळा मुलांना सांगतो की हा मोठा माणूस होता. रिकाम्या छातीचा पुतळा सांगतो की हा आपल्या गावच्या कोणासारखाही होता, आणि तरीही त्याने हे केले. मुलांना यातले कोणते शिकवायचे, हे आपण मोठ्यांनी ठरवले पाहिजे.

मराठा पलटणीतल्या दुसऱ्या वीराचे उदाहरण घ्या. शिपाई नामदेव जाधव हे पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच, सेनिओ नदीच्या काठी, त्यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांना नदीपार नेले. मग परत फिरून शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना बोलावले. जाधव जगले, त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस छातीवर लावला, आणि १९८४ साली ते वारले. त्यांचा पुतळा कोणी केला तर पदक जरूर रंगवावे. न रंगवणे हीच चूक होईल. पलटण एकच, सन्मान एकच, पण एकाच्या छातीवर पदक शोभते आणि दुसऱ्याच्या छातीवर ते खोटे ठरते. गणवेशाचा बारकावा म्हणतात तो हा. बटणे मोजण्याचा छंद म्हणून त्याला हसू नये.

या निमित्ताने आम्ही सगळा पुतळाच पुन्हा तपासला आणि चुकांची मोठी माळ सापडली. दुसरे कोणी असे काम हाती घेणार असेल तर उपयोगी पडावी म्हणून ती सांगतो. पहिली चूक सोनेरी रंगाची. व्हिक्टोरिया क्रॉस सोन्याचा नसतो. तो कांस्याचा असतो, काळपट तपकिरी. त्याची फीत गडद किरमिजी. पितळी घंटेसारखा चमकणारा क्रॉस म्हणजे बाजारातले खेळणे. दुसरी चूक, शोभेसाठी मुलांनी आणखी दोन-तीन रंगीत फिती काढल्या होत्या. त्यांत एक तांबडी-पांढरी-हिरवी, म्हणजे इटली स्टारची. हा स्टार १९४५ साली निघाला. १९४४ च्या जुलैत तो कोणाच्याच छातीवर असणे शक्य नाही. तिसरी, बाहीवर तीन पट्टे. तीन पट्टे हवालदाराचे, दोन नाईकाचे, एक लान्सनाईकाचा. हुद्दा वाढवण्याचा अधिकार चित्रकला शिक्षकाला नाही! चौथी, मुलांनी आजच्या भारतीय जवानाचे चित्र समोर ठेवून अशोकस्तंभाचे सिंह काढले होते. सिंह आले ते भारत प्रजासत्ताक झाल्यावर. १९४४ साली त्या जागी ब्रिटिश राजमुकुट होता. तो काढताना मन खट्टू होते हे खरे. पण परक्या राजाच्या सैन्यात आपली माणसे लढली आणि मेली, ही गोष्ट झाकून तिचे दुःख कमी होत नाही.

खाकीचीही तीच कथा. खाक म्हणजे धूळ, माती. आणि माती सगळीकडे एका रंगाची नसते. मुलांनी डब्यातला हिरवट खाकी रंग जसाच्या तसा फासला आणि वर चमकदार व्हार्निश दिले, तेव्हा पुतळा पावसात भिजल्यासारखा दिसू लागला. जुलै महिना इटलीत कडक उन्हाळ्याचा. अंगावर सुती कापड, धुऊन धुऊन आणि उन्हात विटून वाळूच्या रंगाला आलेले. म्हणून प्लॅस्टरवर आधी अस्तराचा हात द्यावा, मग बिनचमकीच्या रंगाचे पातळ पातळ हात. कापडाच्या चुण्यांत काळा रंग भरू नये, त्याच खाकीत तपकिरी मिसळून भरावा. चमक ठेवायची ती फक्त डोळ्यांत.

आणि कातडीचा रंग! दुकानात अंगाचा रंग म्हणून जी बाटली मिळते तिच्यात असतो गुलाबी. मुलांनी तीच आणली, आणि आमचा माणगावचा मुलगा पाहता पाहता लिव्हरपूलचा झाला. मग आम्ही पिवळी माती, भाजकी तांबूस माती आणि किंचित पांढरा असे रंग घोटले आणि मुलांना सांगितले, आपापला हात पुतळ्याच्या गालाशी धरा आणि जुळवा. अर्धा तास वर्गात नुसता गोंधळ होता. पण गाल जुळला तेव्हा पुतळ्याकडे पाहण्याची मुलांची नजरच बदलली. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण अचूकपणा रुक्ष असतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आम्हाला तरी त्या अर्ध्या तासात तसे दिसले नाही.

आता हा प्रश्न घाडगे यांच्यापुरता राहत नाही. आपल्या घरांत काय आहे ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात या बेटावरचे हजारो तरुण पायोनियर कोअरमध्ये भरती होऊन इजिप्तकडे, उत्तर आफ्रिकेत गेले. युद्धानंतरही सुएझ कालव्याच्या प्रदेशात मॉरिशसचे पायोनियर होते. कितीतरी मराठी घरांत आजोबांचा तो काळा-पांढरा फोटो भिंतीवर आहे. आता नातवंडे तो रंगीत करून घेतात. संगणक क्षणात रंग भरून देतो, आणि तो काही विचारत नाही.

परवा एक ओळखीचा तरुण असाच फोटो घेऊन आला. त्याला घरात ठेवायला आजोबांचा लहानसा पुतळा करून हवा होता. फोटोतल्या टोपीवर पायोनियरांचा बिल्ला स्पष्ट होता. त्या बिल्ल्यात बंदूक असते, फावडे असते आणि कुदळ असते. तो म्हणाला, "गुरुजी, फावडं कशाला? दुसऱ्या एखाद्या पलटणीचा बिल्ला लावा. आणि दोन पदकं लावा, चांगली दिसतील." आम्ही क्षणभर गप्प राहिलो. उसाच्या मळ्यात ज्यांच्या आजोबांनी, पणजोबांनी कुदळ चालवली त्यांच्या नातवाला कुदळीची लाज वाटावी? पायोनियरांनी रस्ते केले, जहाजांवरचा माल उतरवला, म्हणून पुढच्या फौजा उभ्या राहिल्या. १९४६ साली त्या कोअरला 'रॉयल' ही उपाधी मिळाली ती या फावड्याच्या कामासाठीच. (जाता जाता हेही सांगतो, की फोटो १९४६ पूर्वीचा असेल तर खांद्यावर 'रॉयल' रंगवू नये, आणि सुएझच्या दिवसांतला असेल तर विसरू नये.)

तेव्हा वाचकांना आमची विनंती अशी. घरातल्या फोटोला रंग देण्यापूर्वी तो चौकटीतून काढून मागची बाजू पाहा. तिथे तारीख, गाव किंवा नंबर लिहिलेला असतो. आजीला, आत्याला विचारा. कपडे धुणाऱ्या आणि बटणे शिवणाऱ्या हातांना पुष्कळ आठवते. बाहीवर किती पट्टे होते ते मोजा, अंदाजाने एक वाढवू नका. आणि जे कळत नाही ते रंगवू नका, कोरे ठेवा. कोऱ्या जागेकडे पाहून उद्या एखादे नातवंड प्रश्न विचारील. खोटा रंग भरला की प्रश्नच संपतो.

मंडळाच्या समितीपुढे आमची सूचना आहे ती अशी. घाडगे यांच्या छातीवरचा क्रॉस पुसावा. पुतळ्याच्या बैठकीवर लाकडी पाटी बसवावी. तिच्यावर क्रॉस त्याच्या खऱ्या कांस्य रंगात काढावा आणि खाली मराठीत लिहावे: नाव, हुद्दा, पलटण, दिवस, आणि 'मरणोत्तर' हा शब्द. म्हणजे काकांना वाटते तसे मुलांना नावही कळेल, आणि पदक आधी की मरण आधी हेही कळेल. काका अजून पूर्ण राजी नाहीत. पण "पाटी मोठी हवी हं, लांबून वाचता आली पाहिजे" असे ते काल म्हणाले, यात आम्हाला आशा दिसते.

सोनेरी क्रॉस आम्ही अजून खरवडलेला नाही. समितीचा निर्णय झाल्यावर तो काढू. तिथे थोडा डाग राहील आणि त्यावर खाकीचा आणखी एक हात द्यावा लागेल. तो हात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच द्यावा, असे आम्ही ठरवले आहे.