गाणारा नट घडवावा लागतो : नांदेड-लातूरच्या संगीत रंगभूमी कलावंतांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड, मा. आयुक्त, नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका, मा. आयुक्त, लातूर शहर महानगरपालिका

विषय : संगीत रंगभूमीवरील गायक-नटांचे शिक्षण, रोजगार, आरोग्य व निवृत्ती यांबाबत

महोदय,

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत राहून संगीत नाटकात गाणारे, साथ करणारे आणि गाणे शिकवणारे कलावंत आहोत. आमच्यातले बहुतेक जण दिवसा दुसरे काम करतात आणि रात्री तालमीला येतात. दया म्हणून काही मिळावे, यासाठी हे पत्र नाही. गाणारा नट आपोआप तयार होत नाही, तो घडवावा लागतो. घडवण्याची जी व्यवस्था एकेकाळी होती ती मोडली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. ती पुन्हा उभी करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणले. युरोपात ऑपेरा जसा गाण्यातून गोष्ट सांगतो, तशी गोष्ट सांगण्याची आपली स्वतःची रीत त्या दिवशी मराठी माणसाला मिळाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जे गायक-नट झाले ते मंडळ्यांमध्ये घडले. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा १७ वर्षांचे होते. त्यांच्या गळ्यामागे भास्करबुवा बखल्यांची तालीम होती आणि पुढे १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली बुवांनीच बांधल्या. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली, दीनानाथ मंगेशकर १९१८ साली बलवंत संगीत मंडळीत उभे राहिले. या मंडळ्यांत पोराला राहायला जागा होती, पंगतीला ताट होते, शिकवायला बुवा होते आणि रोज उभे राहायला रंगमंच होता. शाळा, नोकरी आणि घर, तिन्ही एका छपराखाली.

बोलपट आले, कर्जे वाढली, मंडळ्या मिटल्या. पुढे विद्याधर गोखल्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०), 'मंदारमाला' (१९६३) या नाटकांनी आणि १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' ने प्रेक्षक परत आणले. पण घडवणारी व्यवस्था परत आली नाही. 'कट्यार' रंगमंचावर आले तेव्हा वसंतराव देशपांडे ४७ वर्षांचे होते, आणि त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती. एवढ्या ताकदीच्या गायकालाही गाण्यावर घर चालवण्यासाठी इतके थांबावे लागत असेल, तर उदगीरच्या किंवा मुखेडच्या मुलीने कशाच्या भरवशावर हा रस्ता धरावा?

मराठवाड्यात गळा आहे, जिना नाही

मराठवाड्यात गाणे नाही, असे कोणी म्हणू नये. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये रागी जथे रोज कीर्तन करतात. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माळेगावच्या यात्रेत लावणीला हजारोंची गर्दी होते, आणि संगीत शंकर दरबारात देशभरातले गायक गाऊन जातात. लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयात संगीत शिकवले जाते, विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पं. नाथराव नेरळकर नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र मात्र छत्रपती संभाजीनगर झाले आणि शिष्यांच्या पिढ्या तिथे घडल्या. आमच्या भागातून गळा निघतो आणि गाव सोडतो, ही रीत तेव्हापासूनची आहे.

हुजूर साहिबच्या कीर्तनाला वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, गाणारे ठरलेले आहेत. म्हणून ते टिकले. याच शहरात रंगमंचावर गाणाऱ्याला यातले एकही ठरलेले नाही.

आमच्या तालमीचे एक उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही 'सौभद्र' बसवले. लातूरच्या एका शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला लावून, रात्री साडेआठला तालीम सुरू व्हायची. सुभद्रा काळी चारमध्ये गाणारी, अर्जुन काळी एकचा. ऑर्गन नव्हता, म्हणून दोन महिने मोबाईलवरचा तंबोरा आणि पेटी यांवर पदे बसवली. प्रयोगाच्या दिवशी दुपारी पुण्याहून वादक ऑर्गन घेऊन आले. जुना ऑर्गन, त्याचा सूर आमच्या तंबोऱ्याहून किंचित चढा. तबला नव्याने लावला. पण दोन महिने ज्या सुरावर गळा बसला होता, तो एका दुपारीत हलत नाही. पहिल्या अंकात सुभद्रेचे वाक्य संपले, ऑर्गनने सूर दिला आणि मुलगी क्षणभर थांबली. प्रेक्षकांना कळले नसेल, तिला कळले. घरी जाताना ती म्हणाली, "सर, मी विशारद आहे, तरी मला आज सूर सापडत नव्हता."

चूक तिची नव्हती. विशारद झालेली विद्यार्थिनी यमन अर्धा तास मांडू शकते. पण बैठक मारून गाणे वेगळे आणि नऊवारी नेसून, चालता-बोलता, संवादाच्या शेवटच्या शब्दावरून पदाच्या पहिल्या सुरावर जाणे वेगळे. बैठकीत राग फुलवायला वेळ असतो. नाटकात तीन-चार मिनिटांत राग, शब्द आणि प्रसंग तिन्ही पोचवायचे असतात. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला पाहिजे, वन्समोअर आला तर दम उरला पाहिजे. हे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आज सलग, पद्धतशीर कुठेही शिकवले जात नाही.

मागण्या

१. दोन वर्षांचा गायक-नट अभ्यासक्रम. विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलात, नांदेड व लातूर अशा दोन्ही ठिकाणी तासिका ठेवून, दरवर्षी १२ विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम सुरू करावा. रागसंगीत, नाट्यपदे, वाचिक अभिनय, शब्दोच्चार, हालचाल आणि ऑर्गन-तबल्याची साथ हे विषय असावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. एका तुकडीचा वार्षिक खर्च २१ लाख ६० हजार रुपये होतो. दोन तुकड्या एकाच वेळी चालू असताना ४३ लाख २० हजार. विद्यावेतन नसेल तर फक्त खात्यापित्या घरची मुले शिकतील. शेतमजुराच्या घरातला गळा तिथपर्यंत पोचणारच नाही.

२. पगारी संच. शिकून झाल्यावर पहिले काम मिळाले नाही तर शिक्षण वाया जाते. मराठवाड्यासाठी १२ गायक-नट आणि ४ साथीदारांचा एक पगारी संच नेमावा. दरमहा २५,००० रुपयांप्रमाणे वर्षाला ४८ लाख रुपये मानधन लागेल. त्या बदल्यात संचाने वर्षाला किमान ४० प्रयोग द्यावेत, त्यांतले निम्मे तालुक्याच्या गावी. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत सार्वजनिक नाट्यगृहे गायकांना पगारी संचात घेतात आणि किमान वेतन सामूहिक कराराने ठरते. तिथल्या रंगकर्मींची संघटना १८७१ सालची आहे. आपल्याच देशात केरळ कलामंडलम १९३० पासून कथकली शिकवते, कथकलीचे गायकही घडवते आणि स्वतःचा संच घेऊन प्रयोगही करते. केरळला जे जमले ते महाराष्ट्राला न जमण्याचे कारण नाही.

३. किमान मानधन लेखी असावे. शासकीय किंवा महापालिकेच्या निधीतून होणाऱ्या प्रत्येक संगीत प्रयोगात गायक-नटास व साथीदारास प्रतिप्रयोग किमान ३,००० रुपये आणि तालमीच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये द्यावेत. करार लेखी असावा आणि रक्कम १५ दिवसांत खात्यावर जमा व्हावी. तालीम हेही काम आहे. ते फुकट धरण्याची सवय मोडली पाहिजे. साथीदाराला नटाइतकेच मानधन का, असे विचारले जाते. ऑर्गनवादक सूर देईपर्यंत नट पहिला शब्द गाऊ शकत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

४. वाद्ये आणि तालमीची जागा. नांदेड व लातूर येथे प्रत्येकी एक दुरुस्त केलेला ऑर्गन, दोन जोड तंबोरे आणि तबले सार्वजनिक मालकीचे ठेवावेत. महापालिकेच्या सभागृहांत सोमवार ते गुरुवार संध्याकाळी तालमीसाठी नाममात्र दर लावावा. वर्षातून दोनदा मिरजेचे कारागीर बोलावून दुरुस्ती शिबिर घ्यावे, म्हणजे इथल्या चार मुलांना जवारी काढण्याचे आणि ऑर्गनचा भाता बसवण्याचे काम शिकता येईल. २०१६ च्या दुष्काळात मिरजेने रेल्वेने लातूरला पाणी पाठवले. तंबोऱ्यासाठी आम्ही आजही मिरजेकडेच पाहतो, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती विद्या इथे यावी, एवढीच आमची इच्छा आहे.

५. आवाजाची तपासणी. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे आठवड्यातून एक दिवस गायक, कीर्तनकार व शिक्षक यांच्यासाठी आवाज तपासणी ठेवावी. स्वरयंत्रावर गाठ आली तर सुरुवातीला विश्रांती आणि आवाजाचे व्यायाम यांनी पुष्कळदा भागते. दुर्लक्ष केले तर शस्त्रक्रियेपर्यंत जाते. आवाज बसला की आमचे लोक मध-हळद घेतात आणि त्याच गळ्याने रात्री प्रयोग करतात, कारण प्रयोग चुकला तर पैसे मिळत नाहीत. म्हणून संचातील कलावंतांना आजारपणाची पगारी रजाही असावी. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना कसे गाऊ द्यावे आणि कधी थांबवावे, याचे मार्गदर्शन शिक्षकांना मिळावे.

६. शाळांतील संगीत शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्यास सांगितले आहे. दोन्ही जिल्ह्यांतील ही पदे भरावीत आणि ती भरताना प्रशिक्षित गायकांना संधी द्यावी. गायकाला यातून स्थिर उत्पन्न मिळेल आणि गाण्याला पुढचा विद्यार्थी. महाविद्यालयांतील संगीताच्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर चालवणेही थांबावे.

७. महिला कलावंतांचा प्रवास. बाहेरगावच्या प्रयोगानंतर मुक्कामाची किंवा घरापर्यंत वाहनाची सोय ही आयोजकाची लेखी जबाबदारी असावी. रंगपटात स्वच्छ स्वच्छतागृह आणि लहान मूल सोबत असलेल्या कलावंतासाठी वेगळी खोली असावी. लग्नानंतर आमच्या अनेक मुलींचे गाणे सुटते. नवऱ्याने नको म्हटले, असे कारण सगळे सांगतात. पण रात्री दीडला अहमदपूरच्या बसस्थानकावर एकटे उतरायचे कसे, हे कारण कोणी लिहून ठेवत नाही.

८. स्पर्धा आणि पुढचा प्रयोग. राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे केंद्र नांदेड व लातूरला आळीपाळीने द्यावे आणि इथल्या पहिल्या तीन नाटकांना मराठवाड्यात प्रत्येकी १० प्रयोगांचे अनुदान द्यावे. दोन-तीन महिने बसवलेले नाटक एका प्रयोगात संपले, तर त्यातून नट तयार होत नाही. तो दहाव्या प्रयोगाला तयार होऊ लागतो.

९. म्हातारपण. ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत आता दरमहा ५,००० रुपये मिळतात, याबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहोत. मात्र अर्जासोबत कार्यक्रमांचे पुरावे मागितले जातात. ४० वर्षे पडद्याशेजारी बसून तबला वाजवणाऱ्याचे नाव जाहिरातीत छापलेले नसते. त्याच्यासाठी दोन ज्येष्ठ कलावंतांचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून ग्राह्य धरावे.

आमच्या बाजूची जबाबदारी

आम्ही फक्त मागत नाही. हा कार्यक्रम सुरू झाल्यास आमचे ज्येष्ठ सदस्य पहिले वर्ष विनामानधन शिकवतील. त्यांना पाठ असलेल्या जुन्या चाली आम्ही ध्वनिमुद्रित करून विद्यापीठाच्या स्वाधीन करू. दरवर्षीचा जमाखर्च जाहीर करू.

महोदय, विद्यावेतन आणि पगारी संच या दोन मोठ्या मागण्यांचा खर्च मिळून वर्षाला ९१ लाख २० हजार रुपये होतो. वर्षाला एक कोटीही नाही. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्याआधी आमच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे आणि प्रत्येक मागणीवर होकार वा नकार लेखी कळवावा, अशी विनंती आहे. आमच्यापैकी ज्यांना बाराशे-पंधराशे बंदिशी आणि पदे मुखोद्गत आहेत, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायला जी वर्षे उरली आहेत, ती फार नाहीत.

आपले विश्वासू,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संगीत रंगभूमीचे गायक-नट, साथीदार व संगीत शिक्षक