शिकलेलं पोर घरात, आणि अंगठा रजिस्टरात



आपल्या कडोलीत मराठी साहित्य संमेलन भरतं. आपणही जाऊन बसतो, भाषणं ऐकतो. आणि त्याच गावातल्या आपल्या संस्थेचं रजिस्टर उघडून बघा, सहीच्या रकान्यात अजून अंगठे दिसतात. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मागे एका सभासदाची होडी कलंडली. हात मोडला, दवाखान्यात राहावं लागलं. मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात दवाखान्याच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत मिळतात. कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, जीव गेला तर घरच्यांना ५ लाख. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, सरकार भरतं. म्हणून आम्ही कागद पाठवले, ते परत आले. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. फॉर्म आम्हीच भरला होता, त्यांनी विश्वासानं अंगठा उठवला होता. म्हणजे चूक आमचीच धरा.

परत आलेलं पत्र कन्नडमध्ये होतं. ते वाचून दाखवलं त्यांच्या सातवीतल्या मुलीनं. वाचून झाल्यावर म्हणाली, "अप्पा, फॉर्म भरताना मला का दाखवला नाही?" आम्ही आणि तिचे अप्पा, दोघंही गप्प.

आपल्याकडे शिक्षण म्हणजे पोरानं पास व्हायचं आणि नोकरी धरायची. नोकरी लागली नाही की आपणच म्हणतो, शिकून काय उपयोग झाला? आम्हाला हे पटत नाही. त्या मुलीला उद्या नोकरी लागो न लागो, घरात कागद वाचणारं माणूस आहे. मराठी वाचतं, कन्नडही वाचतं. आपल्या सीमाभागात ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण आपण तिला परीक्षेपुरतीच शिकलेली मानतो, घरच्या व्यवहारात विचारत नाही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ती काढली. साठ ते नव्वद वयाच्या म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जायच्या. घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घ्यायची. अंगठा उठवणाऱ्या आज्या स्वतःची सही करायला लागल्या. आणि आपण चाळिशीतच म्हणतो, "आता वय झालं की वो!"

उलट बाजूही बोलायला पाहिजे, नाहीतर वडीलधाऱ्यांवर अन्याय होईल. मत्स्यबीजाची पिशवी आणली की आपण ती लगेच फोडत नाही, थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवतो. का, ते पोरांना विचारा. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत बोटुकलीला धक्का बसतो, हे कदाचित ती पुस्तकातून सांगतील. पण किती वेळ ठेवायची ते तिच्या अप्पांचा हात पाण्यात घातल्यावर ठरतं. मार्कंडेयेला लाल पाणी आलं की जाळं कुठं टाकायचं नाही, हे कुठल्या वहीत लिहिलंय? पोर मोबाईलवर आणि बाप नदीवर, अशानं हे ज्ञान दहा-पंधरा वर्षांत जाणार. आम्हाला अंगठ्याइतकीच याचीही काळजी वाटते.

तर आम्ही एवढं ठरवलंय. यापुढं विमा असो, कर्ज असो, सबसिडी असो, घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय संस्था कुणाचाही अंगठा किंवा सही घेणार नाही. पोरगं असो, सून असो, चालेल. वाचणारं कुणीच नसेल तर आम्ही वाचू, पण दोन सभासदांसमोर.

त्या सभासदाच्या पासबुकावरचं नाव आता दुरुस्त झालंय. कागद पुन्हा पाठवलेत. या खेपेचा फॉर्म मुलीनं भरला, आणि खाली अप्पांनी वाकडीतिकडी का होईना, सही केली. पुढच्या सभेला येताना सगळ्यांनी आधार आणि पासबुक घेऊन या, आणि सोबत घरातलं एक शिकतं पोर आणा.