नाव कोणाचे, उत्तर कोणाचे?

आंबिवली स्थानकाबाहेर रिक्षात बसून 'एनआरसी' एवढे सांगितले, की रिक्षा मोहन्याच्या दिशेने निघते. नॅशनल रेयॉनचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. भोंगा थांबला, कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. नाव उरले, त्या नावाने उत्तर देणारा उरला नाही. या परिसरात राहणाऱ्या माणसाला म्हणूनच कोणत्याही वस्तूवरचे नाव वाचताना सवयीने एक प्रश्न पडतो : हे नाव लावणारा उद्या सापडेल का? मोटारींवर मूळ मालक कंपनीचे चिन्ह असावे की नसावे, या वादाकडेही मी याच प्रश्नातून पाहतो.

हा वाद रंगला तो अमेरिकेतील जनरल मोटर्समुळे. २००५ साली या कंपनीने शेवरोले, ब्यूक, कॅडिलॅक अशा आपल्या निरनिराळ्या नावांच्या गाड्यांवर 'जीएम' अक्षरांचा एक लहानसा चौकोनी बिल्ला बसवायला सुरुवात केली. ही सारी एकाच घरची लेकरे आहेत, हे ग्राहकाला कळावे असा हेतू. टीकाकारांचे म्हणणे असे, की ज्याने कॅडिलॅकसाठी जास्तीचे पैसे मोजले त्याला शेजाऱ्याच्या स्वस्त शेवरोलेवर तोच बिल्ला कशाला दाखवता? दोन्ही बाजू नावाच्या प्रतिष्ठेविषयीच बोलत होत्या. जून २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने हा बिल्ला नव्या गाड्यांवरून काढून टाकण्याचे ठरवले. घराण्याची ओळख म्हणून लावलेले चिन्ह चार वर्षांतच नकोसे झाले.

पण प्रतिष्ठेपलीकडचा मुद्दा समजून घ्यायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही, कुर्ल्यापर्यंत गेले तरी पुरते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार तेथे डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावे जुळली जाऊ लागली. मालमोटारीही डॉज आणि फार्गो अशा वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेल्या, पत्र्याखाली यंत्र तेच. पुढे फियाट आली. १९६४ सालची '११०० डिलाइट' सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग राणी पद्मिनीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी. गाडीवरून फियाट हे नाव उतरले, लोकांच्या जिभेवरून मात्र उतरले नाही. मुंबईकर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मूळ कंपनीचे नाव गेले म्हणून पद्मिनीच्या मालकाचे काही अडले नाही. तिचा कुठलाही भाग गल्लीतल्या गॅरेजात मिळत होता आणि कुठलाही मिस्त्री ती उघडून पुन्हा जोडू शकत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वयोमर्यादा संपल्यावरच रस्त्यावरून उतरली.

याच्या नेमके उलट उदाहरण आमच्या उंबरठ्यावरचे आहे. नव्वदच्या दशकात प्रीमियरने पुजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी केली आणि कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात '३०९' तयार होऊ लागली. या वेळी परदेशी नाव लपवलेले नव्हते. गाडीच्या नाकावर पुजोचा सिंह दिमाखात उभा होता. गंमत अशी, की ही गाडी मुळात पुजो म्हणून आखलेलीच नव्हती. क्रायस्लरचा युरोपातील कारभार १९७८ साली पुजोच्या हाती आला, तेथल्या टॅल्बो या नावासाठी ती घडत होती आणि १९८५ साली ऐन वेळी तिच्यावर सिंह चढवला गेला. आमच्याकडे भागीदारी फार टिकली नाही. १९९७ साली पुजो निघून गेली. सिंह गाड्यांवर राहिला, पण त्याच्या मागे उभे राहणारे कोणी राहिले नाही.

पद्मिनीवर मूळ नाव नव्हते आणि ती टिकली, ३०९ वर मूळ नाव होते आणि ती अनाथ झाली. तेव्हा बिल्ला असणे वा नसणे हा प्रश्नच दुय्यम आहे, असे माझे मत आहे. नाव लावणे ही जाहिरात असते. त्या नावाने सुटे भाग, दुरुस्ती आणि भरपाई यांची हमी घेणे ही जबाबदारी असते. ग्राहक पैसे पहिलीला भुलून मोजतो, आणि दुसरी आपोआप मिळेल असे गृहीत धरतो.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. जनरल मोटर्सने २००८ साली तळेगावला कारखाना उघडला, २०१७ च्या अखेरीस भारतातील शेवरोलेची विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तेथील उत्पादनही बंद केले. सुटे भाग आणि सेवा देत राहू असे कंपनीने सांगितले, हे न्यायाने नोंदवायला हवे. पण ते जाताना दिलेले आश्वासन होते, विकताना केलेला करार नव्हे. आज चाकणला एकाच छपराखाली स्कोडाची कुशाक आणि फोक्सवागनची टायगुन तयार होते. सांगाडा एक, इंजिने तीच, २०१९ पासून कंपनीही एकच. नाके मात्र दोन. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. दोन्ही नावांना स्वतंत्र इतिहास आहे, आणि ग्राहकाला रूप निवडण्याचा हक्क आहे. माझा आक्षेप इतकाच, की उद्या कुठल्याही समूहाने या देशातील आपले एखादे नाव मिटवले, तर त्या गाडीचे उत्तर कोण देणार, हे खरेदीच्या दिवशी ग्राहकाच्या हातात लेखी असत नाही.

म्हणून मूळ कंपनीचे नाव दारावर कोरण्याचा आग्रह मी धरणार नाही. ते खरेदीच्या कागदावर यावे. सुटे भाग किती वर्षे मिळतील, विक्री बंद झाल्यास दुरुस्ती कोणाकडे आणि दावा कोणावर, हे तिच्या सहीनिशी तेथे लिहिलेले असावे. आंबिवलीत नुसत्या नावाने रिक्षा अजून मिळते, पण थकलेला पगार मागायला गेलेल्या माणसाला त्या नावाचा उपयोग झाला नाही.