क्रीडाक्षेत्रातील खासगी भांडवल आदिलाबादपर्यंत पोहोचेल काय?

तेलंगणा सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये नवे क्रीडा धोरण पुढे आणले. त्यातून आकारास येणाऱ्या ‘स्पोर्ट्स हब ऑफ तेलंगणा’च्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद उद्योगपती संजीव गोएंका यांच्याकडे सोपविण्यात आले. कपिल देव, अभिनव बिंद्रा, पुल्लेला गोपीचंद यांच्यासारखे खेळाडू आणि सनरायझर्स हैदराबादच्या काव्या मारन यांचाही मंडळात समावेश आहे. क्रीडा प्रशासन केवळ सरकारी खात्याच्या हाती न ठेवता खासगी भांडवल व व्यावसायिक व्यवस्थापन यांना त्यात स्थान द्यावे, ही यामागील भूमिका स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच, की राजधानीपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या आदिलाबादच्या पदरात त्यातून काय पडणार?

आदिलाबादला पायाभरणीपासून आरंभ करायचा नाही. हकीमपेट व करीमनगरप्रमाणे येथेही सरकारी क्रीडा शाळा आहे, इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम आहे. मात्र खासगी पैसा आपल्या सोयीची वाट धरतो. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. ग्रामीण व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. परंतु कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. २०१६ च्या जिल्हा विभाजनानंतर सिंगरेणीच्या कोळसा खाणी मंचेरियाल व आसिफाबादकडे गेल्या, कागजनगरची पेपर मिलही आसिफाबादेत गेली. आदिलाबादचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना तर कित्येक वर्षांपासून बंदच आहे. जेथे मोठे उद्योग नाहीत, तेथे ‘परिसर प्राधान्य’ हा नियमच जिल्ह्याच्या विरोधात जातो.

खासगी मालकीच्या स्थैर्याचीही हमी नसते. पुण्याच्या एफसी पुणे सिटीची जागा घेत २०१९ मध्ये हैदराबाद एफसी इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला नमवून त्याने विजेतेपदही पटकावले. पुढे खेळाडूंचे वेतन थकले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलविण्यात आला. सहा वर्षांत पुणे आणि हैदराबाद या दोन्ही शहरांतील प्रेक्षक पोरके झाले.

याउलट ओडिशाचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१८ पासून राज्य सरकार स्वतः राष्ट्रीय हॉकी संघांचे पुरस्कर्ते आहे. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवरील प्रशिक्षण केंद्रांसाठी टाटा, रिलायन्स यांचे साहाय्य घेण्यात आले. त्याच वेळी सुंदरगड या आदिवासीबहुल जिल्ह्यात तालुकास्तरावर कृत्रिम हॉकी मैदाने उभारण्याचे काम सरकारने हाती घेतले. खासगी कौशल्य घेतले, पण दिशा सरकारने ठरविली.

तेलंगणाने हाच धडा घ्यावा. हबशी होणाऱ्या प्रत्येक करारात जिल्हा क्रीडा शाळांसाठी निश्चित वाटा, प्रशिक्षकांच्या वेतनाची किमान मुदत आणि वार्षिक हिशेब जाहीर करण्याचे बंधन असावे. कंपनीने मध्येच अंग काढून घेतल्यास जबाबदारी कोणाची, हेही आधीच लिहिलेले असावे. अन्यथा गोंड-कोलाम पाड्यांवरील मुलांना व्यावसायिक क्रीडा व्यवस्थापन केवळ मोबाइलच्या पडद्यावरच दिसत राहील.