ग्रिनेल महाविद्यालय फुटबॉल संघाचा २०१९ चा हंगाम

ग्रिनेल महाविद्यालय फुटबॉल संघाचा २०१९ चा हंगाम हा अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या गावी असलेल्या एका छोट्या खासगी महाविद्यालयाच्या 'पायोनियर्स' या संघाचा, अवघ्या तीन सामन्यांत आटोपलेला हंगाम होय. हे तिन्ही सामने संघ हरला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी महाविद्यालयाने उरलेले सातही सामने रद्द केल्याचे जाहीर केले. हंगामाच्या आरंभी संघात ३९ खेळाडू होते. दुखापतींमुळे खेळण्याजोगे २८ उरले होते. सामने रद्द करण्याचा निर्णय खेळाडूंच्या मतदानानंतर घेण्यात आला. या हंगामाकडे लक्ष वेधले गेले ते मुख्यतः त्यामुळेच.

पार्श्वभूमी

'फुटबॉल' म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जो खेळ उभा राहतो, तो येथे अभिप्रेत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातात धरून प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे न्यायचा असतो. तो नेणाऱ्यास अंगावर झेपावून खाली पाडणे हा खेळाचा नियमसंमत आणि अविभाज्य भाग आहे.

या खेळाच्या इतिहासात ग्रिनेलला मानाचे स्थान आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस झालेला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १६ नोव्हेंबर १८८९ रोजी याच गावी खेळला गेला. त्यात ग्रिनेलने आयोवा विद्यापीठाचा २४–० असा पराभव केला. पुढे दोन्ही संस्थांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. आयोवा विद्यापीठाच्या क्रीडांगणात आज सुमारे सत्तर हजार प्रेक्षक बसतात आणि त्याचे सामने देशभर दूरचित्रवाणीवर दाखवले जातात. ग्रिनेल मात्र सुमारे १,७०० विद्यार्थ्यांचे निवासी महाविद्यालय राहिले. ते राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, तिसऱ्या श्रेणीत खेळते. या श्रेणीत खेळातील कौशल्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. त्यामुळे येथील खेळाडू आधी विद्यार्थी असतो आणि प्रयोगशाळा, निबंध व परीक्षा सांभाळून सरावाला येतो.

संख्येचे गणित

३९ खेळाडू हा आकडा प्रथमदर्शनी लहान वाटत नाही. मैदानात एका वेळी एका बाजूचे अकराच जण असतात. मग अडचण कोठे आली? ती समजण्यासाठी खेळाची रचना पाहावी लागते. आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, अशी बावीस स्थाने असतात. लाथ मारून चेंडू दूर धाडण्याच्या प्रसंगी आणखी निराळी तुकडी उतरते. शिवाय ही स्थाने परस्परांत बदलता येण्यासारखी नसतात. आघाडीच्या रांगेत समोरासमोर धडक देणारे खेळाडू वजनदार व बळकट असतात, तर चेंडू झेलणारे सडपातळ आणि वेगवान. रांगेतला एक जण जखमी झाला म्हणून त्याच्या जागी झेल घेणाऱ्याला उभे करणे म्हणजे त्यालाही जखमी होण्यासाठी पाठवणेच होय. म्हणूनच याच श्रेणीतील अनेक संघ शंभर किंवा त्याहून अधिक खेळाडू बाळगतात.

२८ जणांच्या संघात बावीस स्थाने भरल्यावर सहा जण उरतात. मग दमलेल्याला विश्रांती देता येत नाही, काहींना आक्रमण आणि बचाव दोन्हींकडे खेळावे लागते, आणि नवख्या विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या तयार खेळाडूंसमोर उभे करावे लागते. थकलेला खेळाडू अधिक सहज दुखावतो. तो बाहेर पडला की उरलेल्यांवरचा भार वाढतो. हे चक्र हंगामाच्या मध्यात थांबवता येत नाही, कारण नवे खेळाडू पुढच्या वर्षीच्या प्रवेशांखेरीज मिळत नाहीत. आठवडाभराच्या सरावातही अकरांविरुद्ध अकरा उभे करणे जिकिरीचे होते.

दुखापतीचा प्रश्न केवळ हातापायांच्या हाडांपुरता नव्हता. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक संघांतून खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत, तर महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत, डोक्यावरील वारंवार आघातांशी निगडित मेंदूविकार आढळला. हे मेंदू संशोधनासाठी दान केलेले होते, त्यामुळे सर्वच खेळाडूंना हे प्रमाण लागू होत नाही. तरीही त्यानंतर मैदानात उतरणारा कोणताही विद्यार्थी या माहितीबाबत अनभिज्ञ राहिला नसावा.

पैशाचा संबंध

हंगाम बुडाला तो पैशाअभावी, असे मात्र म्हणता येत नाही. ग्रिनेलचा कायम निधी त्या वेळी सुमारे २ अब्ज डॉलर होता. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे तेथे विश्वस्त होते, आणि इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस हे तेथलेच विद्यार्थी. किंबहुना हीच संपन्नता निर्णयास पूरक ठरली असावी. अमेरिकेतील कित्येक छोटी महाविद्यालये शुल्कावर जगतात आणि विद्यार्थिसंख्या टिकवण्यासाठी फुटबॉलचा आधार घेतात. शंभर खेळाडू म्हणजे शुल्क भरणारे शंभर विद्यार्थी. आर्कान्सातील हेंड्रिक्स व जॉर्जियातील बेरी या महाविद्यालयांनी २०१३ मध्ये फुटबॉल संघ उतरवले. ज्या संस्थेचा जमाखर्च संघावर अवलंबून असतो, तिच्या खेळाडूंनी थांबायचे ठरवले तरी त्यांचे ऐकले जाईलच, याची शाश्वती नसते.

तत्सम घटना

पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल कायमचा बंद केला. तो निर्णय नियामक मंडळाचा होता, आणि खेळाडू व माजी विद्यार्थ्यांमध्ये त्याविरुद्ध तीव्र नाराजी उमटली. ग्रिनेलमध्ये क्रम नेमका उलटा होता. मिनेसोटातील मॅकॅलेस्टर महाविद्यालयाने १९७४ ते १९८० या काळात सलग ५० सामने गमावूनही संघ मोडला नाही. २००२ मध्ये मात्र फुटबॉलपुरते आपल्या गटातून बाहेर पडून बरोबरीचे प्रतिस्पर्धी शोधले. विषमतेची दुसरी बाजू त्याच राज्यात दिसली. सेंट थॉमस विद्यापीठाने २०१७ मध्ये सेंट ओलाफ महाविद्यालयाला ९७–० असे हरवले होते. मे २०१९ मध्ये, म्हणजे ग्रिनेलच्या निर्णयाच्या काही महिने आधी, त्या गटाने सेंट थॉमसला अतिप्रबळ म्हणून बाहेर काढण्याचे जाहीर केले. दोन्हीकडे खेळ तोच होता, श्रेणी तीच होती.

ग्रिनेलच्या खेळाडूंनी माघार घेतली, असा ठपका ठेवणे सोपे आहे. परंतु जिंकण्याची आशा नसल्याने खेळ सोडणे आणि सहकाऱ्याला सुरक्षित ठेवता येत नसल्याने तो थांबवणे, यांत फरक आहे; हरणे तर या संघाच्या अंगवळणी पडलेले होते.

पुढील काळ

संघ बरखास्त करण्यात आला नाही. २०२० चा हंगाम कोविडच्या साथीमुळे होऊ शकला नाही. २०२१ मध्ये पायोनियर्स पुन्हा मैदानात उतरले.